जांभळी रोडची जनाना खोली

मी आयुष्यभर नर्सिंगची नोकरी केली. वॉर्डात एकटीनं पाळ्या काढल्या, माणसं जाताना पाहिली. बरोबरच्या मुली अमक्या कॉटजवळ जायला घाबरायच्या, मी त्याच कॉटवर पाठ टेकून डबा खायचे. मला कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. त्यामुळं आधीच सांगते — मी या गोष्टी मानणारी बाई नाही. आजही मानत नाही. फक्त एक गोष्ट अशी घडली, की ती माझ्या न मानण्यात काही केल्या बसत नाही.

गेल्या आठवड्यात इथं ग्रुपवर कुणीतरी आपल्या भागातल्या लहान रेल्वे स्टेशनांच्या आठवणी विचारल्या होत्या. त्यावर दोन ओळी लिहायला बसले आणि हे सगळं निघालं. लांबलंय, सांभाळून घ्या.

स्टेशनचं नाव बदलून लिहिते — जांभळी रोड समजा. औरंगाबादहून (तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो) जालन्याकडं निघालं की चिकलठाणा मागं पडतं, आणि मग शेतांच्या मधोमध हे एवढंसं स्टेशन. गाव तिथून बरंच आत, म्हणून नावापुढं 'रोड'. निजामाच्या काळातली छोटी लाईन, म्हणजे मीटरगेज. काळ्या दगडाची बसकी इमारत, वर कौलं, पुढं दोन कडुलिंबाची झाडं आणि पाण्याचा रांजण. सासरे सांगायचे, पूर्वी इथं दिवसातून मोजक्या गाड्या थांबायच्या. उतरणारे कोण, तर कापसाचे व्यापारी, तहसीलचे कारकून आणि माहेरवाशिणी. अठ्ठेचाळीस साली पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, फलकांवरची अक्षरं बदलली. इमारत तीच राहिली. पुढं चिकलठाण्याला कारखाने आले आणि जांभळी रोडचं नशीबच पालटलं. सकाळच्या पॅसेंजरला डबे घेतलेल्या माणसांची ही गर्दी! आमच्याकडं त्याला 'अप-डाऊन करणं' म्हणतात. शेतीवाल्या घरातली पोरं अशीच अप-डाऊन करत नोकरदार झाली.

मी लग्न होऊन तिथं आले तेव्हा नुकतीच सरकारी दवाखान्यात लागले होते. घरातली पहिली नोकरी करणारी सून. दुपारची पाळी असली की मी भर उन्हात स्टेशनवर यायचे. तेव्हा स्टेशन अगदी रिकामं असायचं. सकाळची माणसं गेलेली, संध्याकाळची यायची असायची. बाहेरच्या बाजूला सखूबाईचं चहाचं हॉटेल — म्हणजे एक पत्र्याचं शेड — तेवढीच काय ती जाग.

लग्नाला चार महिनेही झाले नसतील, इमारतीच्या पार टोकापर्यंत मी कधी गेलेही नव्हते. गौरी जेवून गेल्या होत्या. भाद्रपदातलं ते चिकट, डोक्याला लागणारं ऊन. मी घरूनच पांढरी साडी नेसून निघायचे, कारण दवाखान्यात कपडे बदलायला धड जागा नव्हती. प्लॅटफॉर्मवर आले आणि मला मूल रडल्याचा आवाज आला.

आवाज मोठा नव्हता, हे महत्त्वाचं. भुकेलं मूल कसं तारस्वरात रडतं... हे तसं नव्हतं. जोर गेलेलं, कुईकुई असं रडणं. मुलांच्या वॉर्डात काम केलेल्या बाईला तो आवाज ओळखता येतो. मी आवाजाच्या दिशेनं गेले. इमारतीच्या टोकाला एक दार होतं, दाराला वेताचा पडदा, वर दगडात कोरलेली उर्दू अक्षरं. म्हटलं, बायकांची वेटिंग रूम असेल. पडदा सारून आत गेले.

आत गारवा होता. ताज्या चुन्याचा वास येत होता. भिंतीला लागून लाकडी बाक, आणि बाकाच्या कोपऱ्यात अंग चोरून एक मुलगी बसलेली. मुलगीच म्हणायची, विशीच्या आतली. काळा बुरखा डोक्यावरून मागं टाकलेला आणि मांडीवर काही महिन्यांचं बाळ. मला बघून ती आधी दचकली. मग तिनं हळूच विचारलं,

"मिल्ट्री गई क्या?"

मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. औरंगाबादला छावणी आहे, लष्कराच्या गाड्या जालना रोडनं जात-येत असतात. बाई खेड्यातली आहे, घाबरली असेल, असं मी समजले. म्हटलं, गेली, तू बाळाला इकडं दे.

बाळाची टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. कालपासून जुलाब होताहेत असं ती म्हणाली. घरातल्या कुणीतरी सांगितलं होतं, पाणी पाजलं की जुलाब वाढतात, म्हणून पाणी तोडलेलं आणि अंगावरचं दूधही. मला राग आला, पण तिच्याकडं बघून गिळला. त्या वर्षांत आमच्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये एकच घोषा होता — जलसंजीवनी. साखर-मिठाचं पाणी. मी तशीच बाहेर धावले आणि सखूबाईकडून कागदात साखर आणि मीठ बांधून घेतलं. तिनं विचारलं, कशाला गं? म्हटलं, एक लेकरू आजारी आहे. बाटलीत घरचं उकळलेलं पाणी होतंच. त्या मुलीच्या कटोऱ्यात ते सगळं कालवलं आणि तिलाच चाखायला लावलं. मी सगळ्यांना जसं सांगायचे तसंच तिलाही सांगितलं, मोडक्या हिंदीत — आसवं असतात ना, तेवढंच खारट झालं पाहिजे, त्याहून जास्त नाही.

चमचा नव्हता. बोट बुडवून, थेंब थेंब करत बाळाच्या ओठात सोडत राहिलो. आधी ती, मग मी, मग पुन्हा ती. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बाळानं जीभ बाहेर काढली. मग चोखायला लागलं. मी त्याला माझ्या मांडीवर घेतलं होतं, आणि काही वेळानं माझी साडी ओली झाली. एखाद्याला किळस आली असती. मी मात्र हसले. बाळ लघवी करतंय म्हणजे वळणावरून परत फिरलंय. मी तिला ते समजावून सांगितलं, तशी ती पहिल्यांदा रडली.

तेवढ्यात सिग्नल पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, चल माझ्याबरोबर, दवाखान्यात नेते. ती नाही म्हणाली. भाई बैलगाडी घेऊन यायचाय, त्यानं इथंच थांबायला सांगितलंय. मी तिला नीट बजावलं — दूध तोडायचं नाही, हे पाणी देत राहायचं, उतार पडला नाही तर दवाखाना. तिनं बाळ छातीशी धरलं होतं, ते दूध ओढत होतं. मी गाडीत बसले. पाळीभर साडीवरच्या डागावरून वॉर्डात बोलणी खाल्ली.

इथवर यात काहीच नाही. मी तर घरीही सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा दुपारची पाळी आली. गाडीला वेळ होता. म्हटलं, उन्हात उभं राहण्यापेक्षा त्या खोलीत बसू. इमारतीच्या टोकाला गेले... तिथं दार नव्हतं. दाराच्या जागी विटांची भिंत होती. जुनी, शेवाळ धरलेली, वरचा गिलावा पडत आलेला. वर दगडात कोरलेली अक्षरं होती, तीही झिजलेली, जेमतेम दिसणारी. मी इमारतीला चक्कर मारली. मूर्खासारखी दुसऱ्या टोकालाही जाऊन आले.

स्टेशन मास्तरांना विचारलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ही पूर्वीची जनाना खोली, मी इथं यायच्या कितीतरी आधीपासून दार बुजवलेलं आहे, आता आतून आमच्या ऑफिसातून जायला वाट आहे. त्यांनी मला आत नेऊन दाखवलं. कंदील, झेंड्या, तेलाचे डबे... रॉकेलचा वास. बाक नाही. चुना तर कित्येक वर्षांत लागलेला नव्हता.

घरी यांना सांगितलं. हे म्हणाले, ऊन लागलं असेल. मीही तसंच म्हणाले असते. पण सखूबाईकडं गेले तर तिनं आपणहून विचारलं, "त्या दिवशीचं लेकरू बरं झालं का वं?" म्हणजे साखर-मीठ मी नेलं होतं. साडी ओली झाली होती. मग पाणी मी कुणाला पाजलं? बाई मात्र सखूबाईनं पाहिली नव्हती, तिच्या शेडमधून प्लॅटफॉर्म दिसत नसे. मी तो विषय मनातून काढला. काढला म्हणजे, काढायचं ठरवलं.

त्यानंतर काही वर्षांनी आम्हा नर्सेसची एक तुकडी कन्नड तालुक्यात पाठवली होती. गावोगाव जलसंजीवनी शिकवायची. देवगाव रंगारीच्या पुढं एक लहान गाव आहे. तिथल्या मुसलमान वस्तीत मी ओट्यावर बायका गोळा केल्या, पातेलं मांडलं, साखर-मीठ काढलं... आणि बायका एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. एक म्हणाली, "सिस्टर, हे तर आमाला लई आधीपासून येतंय. स्टेशन का पानी."

मी विचारलं, स्टेशनचं पाणी म्हणजे? तर म्हणे, आमच्या गल्लीत असंच म्हणतात. हलीमाखालानं सगळ्यांना शिकवलंय. लेकराला जुलाब लागले की हेच देतो, आमच्या गल्लीतली लेकरं जात नाहीत.

हलीमाखाला समोरच्याच घरात होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, फक्त उजेड-अंधार कळायचा. मी जवळ बसले. म्हटलं, खाला, हे पाणी तुम्हाला कुणी शिकवलं? त्या माझ्याकडं — माझ्या आवाजाकडं — तोंड करून नुसत्या बसून राहिल्या. मग अगदी बेतानं सांगायला लागल्या.

पोलिस ॲक्शनचे दिवस होते. कोण कुणाला मारतंय, कुठल्या गावात काय झालंय, काही कळत नव्हतं. दोन्हीकडची माणसं भ्यालेली. नवरा कामाला हैदराबादकडं गेलेला, तो तिकडंच अडकला. भावानं त्यांना आणि बाळाला एका लहान स्टेशनच्या जनाना खोलीत बसवलं आणि गाडी जुंपून आणायला गेला. गाड्या बंद होत्या, स्टेशनावर चिटपाखरू नव्हतं. मांडीवर मूल जात चाललेलं. तेव्हा पडदा सारून एक बाई आत आली. "सफेद साडी में. मैं समझी कोई बेवा है बिचारी." विधवा समजल्या त्या मला. त्या बाईनं कटोऱ्यात पाणी कालवलं, बोटानं पाजलं. आणि एक गोष्ट सांगितली, ती त्यांनी पुढं गल्लीतल्या प्रत्येकीला सांगितली —

"आँसू जित्ता खारा. उससे जास्ती नै."

 मी स्टेशनचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, जांभळी रोड.

  तेवढ्यात त्यांचा मुलगा चहा घेऊन आला. युसूफभाई. गंगापूरच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. दाढीत पांढरे केस, कानावर मळका रुमाल बांधलेला, चाळिशीला टेकलेला धिप्पाड माणूस. "घ्या सिस्टर, गूळ नाय, साखरेचा हाय." खाला म्हणाल्या, यही था वो बच्चा. मी कपबशी हातात घेतली आणि त्या माणसाकडं बघत राहिले. ज्याला मी मांडीवर घेतलं होतं तो माझ्यापेक्षा वयानं मोठा होता.

निघताना युसूफभाईंनी आम्हाला जीपनं मोठ्या रस्त्याला सोडलं. मी जांभळी रोडला राहते हे ऐकून म्हणाले, अम्मीला ते स्टेशन एकदा बघायचंय, कधीपासून म्हणतेय, डोळे गेले तरी म्हणतेय. मी म्हटलं, घेऊन या. का म्हटलं, माझं मला माहीत नाही.

ते खरंच आले. थंडीचे दिवस होते, सकाळची गर्दी नुकतीच गाडीनं निघून गेली होती. युसूफभाई अम्मीला लिंबाखाली उतरवून सखूबाईकडं चहा सांगायला गेले. मी खालांचा हात धरून त्यांना प्लॅटफॉर्मवरून चालवत नेलं. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. इमारतीच्या टोकाला, त्या बुजवलेल्या दारापाशी थांबले आणि त्यांचा हात घेऊन विटांवर ठेवला.

खालांनी विटा चाचपल्या. वरून खाली, मग बाजूला, जिथं दगडाची चौकट लागत होती तिथपर्यंत. मग माझा हात घट्ट धरला.

"हो गया ना तेरा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, काय झालं माझं?

"वो दिन."

  मी विचारलं, खाला, तुम्ही मला ओळखलंत? त्या म्हणाल्या, आवाजावरून, गावात ओट्यावर बोलत होतीस तेव्हाच. मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. त्यावर त्या जे बोलल्या ते मी तेव्हापासून मनात जसंच्या तसं ठेवलंय. थांबत थांबत, एकेक शब्द जपून बोलल्या.

"डरी मैं. सोची, आवाज तो वैसाच जवान है. इसका वो दिन अब्बी आयाच नै तो? मैं बोली के वो औरत तूच थी, और तू डर गई... उस दिन अंदर आईच नै... तो मेरे बच्चे का क्या होता?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. चाळीस वर्षांचा मुलगा तिकडं चहाला आलं घालायला सांगत उभा होता, आणि त्याची आई इकडं त्याच्या जिवाची काळजी करत होती. त्या दुपारची. जी तिच्यासाठी कधीच होऊन गेली होती आणि माझ्यासाठी आली की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. मी गावात भेटल्यापासून तिनं किती रात्री काढल्या असतील, मला विचारावं की नाही या विचारात? आज मीच होऊन तिला न विचारता त्या दारापाशी आणलं, तेव्हा तिला कळलं, आणि तेव्हाच तिनं तोंड उघडलं.

"हो गया, खाला," मी म्हटलं. "बहुत साल हो गए."

त्यांनी मोठा श्वास सोडला. भिंतीला पाठ लावून तिथंच प्लॅटफॉर्मवर बसल्या. मीही शेजारी बसले. 

पुढं छोटी लाईन गेली, मोठी लाईन आली. रूळ सरकले, जुनी इमारत पाडली. मी मुद्दाम बघायला गेले होते. चौकटीचे दगड ट्रकमध्ये भरत होते, कोरलेला दगड कुठला होता ते ओळखूही आलं नाही. आता तिथं सिमेंटचा लांब प्लॅटफॉर्म आहे, पत्र्याची शेड आहे, आजूबाजूला सोसायट्या झाल्यात. अप-डाऊन करणारी माणसं मोबाईलमध्ये बघत उभी असतात. तिथं कधी काही घडल्याचं कुणाकडून ऐकलं नाही. मलाही परत कधी काही दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी बऱ्याचदा त्या टोकाला जाऊन उभी राहिलेय.

मी काळ, वेळ, फिजिक्स असलं काही वाचलेली बाई नाही. जे वाचलेत त्यांनाही सांगून पाहिलं. ते ऐकतात, मान हलवतात आणि विषय बदलतात. खालांनी कुणाकडून तरी ती कृती ऐकली असेल, मला उन्हानं भास झाला असेल, दोन्ही गोष्टी योगायोगानं जुळल्या असतील... लावा कशीही संगती. माझी लागत नाही.

त्या दिवशी युसूफभाई चहाचे ग्लास घेऊन आले, तर त्यांची अम्मी भिंतीला टेकून गाढ झोपली होती. ते घाबरले, हाक मारायला वाकले. मी त्यांना खुणेनं थांबवलं. झोपू द्या म्हटलं. ते ग्लास हातात धरून, काही न समजून, तिच्या तोंडावर ऊन येणार नाही असे उभे राहिले.